आठ तास टिकतो म्हणे

५ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

आजपासून रोजनिशी. कारणं दोन. एक, मोठी माणसं लिहितात. दोन, प्रयोगाची नोंद ठेवायची आहे.

पुढेमागे मीच विसरलो तर असावं म्हणून पार्श्वभूमी. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. चौदा वर्षं झाली. मालक पुढच्या चौकात नवी शाखा काढतायत. तिथला मुख्य कोण, ते एक डिसेंबरला सांगणार. उमेदवार दोन. एक मी, दुसरी 'नवी'. नवी म्हणजे आमच्याकडे डोळे तपासणारी दुसरी मुलगी. तिला येऊन चार वर्षं झाली, पण माझ्या लेखी नवीच.

काल मालक म्हणाले, तिथे असा माणूस हवा की गिऱ्हाईक घरी गेलं तरी त्याच्या लक्षात राहिला पाहिजे. बोलताना माझ्याकडेच बघत होते. (नवी माझ्या मागे उभी होती, पण तो योगायोग.)

माणूस लक्षात कशाने राहतो? चेहऱ्याने म्हणावं, तर माझा चेहरा मलाच आरशात बघून आठवावा लागतो. वासाने राहतो! आणि मेहुण्याने दिलेली परफ्यूमची बाटली दोन वर्षं कपाटात सीलबंद पडून आहे. खोक्यावर सोनेरी अक्षरात: आठ तास टिकतो. आमच्या दुकानाची वेळ बरोबर आठ तास. याला म्हणतात नियती.

६ नोव्हेंबर

७.४० फवारे दोन. डावं मनगट, उजवं मनगट.
७.५० हुंगलं. आहे. उत्तम आहे.
८.०० आहे, पण पातळ.
८.१० गेला.

आठ तास कुठे, तासभरही नाही. मेहुण्याची वस्तू मेहुण्यासारखीच. येताना गाजावाजा, मग पत्ता नाही. हिला तसं म्हणालो तर म्हणाली, माझ्या भावाला मध्ये आणायचं काम नाही, आणि मला तर अजून येतोय वास. बहिणीची माया, दुसरं काय.

८ नोव्हेंबर

चूक सापडली. बाटलीबरोबर एक घडीपत्रिका आहे, तिचं पहिलं पान वाचलं. मनगटं एकमेकांवर घासायची नसतात. घासलं की वास मोडतो. मी आयुष्यभर घासत आलो. म्हणजे दोष बाटलीचा नव्हता, पद्धतीचा होता. मेहुण्याला मनातल्या मनात माफ केलं.

दुसरं पान: कोरड्या कातडीवर वास टिकत नाही, आधी व्हॅसलीन लावावं. मनगटं, कानामागे, गळ्याचा खळगा, कोपराच्या आत. जिथे नाडी लागते तिथे ऊब असते, उबेने वास फुलतो. हे शास्त्र आहे. उद्यापासून शास्त्रशुद्ध.

९ नोव्हेंबर

व्हॅसलीन जरा जास्त झालं. ट्रायल फ्रेम (ती लोखंडी, ज्यात भिंगं घालून बघतात) हातातून निसटली आणि शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या नाकावर आदळली. त्यांनी नुसतं नाक धरलं. बराच वेळ धरून होत्या. मार इतका लागला नसावा असं वाटतं.

टिकाव: ३५ मिनिटं. प्रगती आहे.

११ नोव्हेंबर

फवारे चार केले. चाराचा अर्थ दुप्पट टिकाव, साधं गणित.

शहरात डोळ्यांना पाणी येण्याची साथ आलीय. आज माझ्या खोलीत पाचपैकी चार जणांचे डोळे वाहत होते. माझी खोली आठ बाय दहा, खिडकी नाही, तपासताना अंधार लागतो म्हणून दार घट्ट लावलेलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात वीतभर अंतरावरून बघावं लागतं. त्यामुळे मला हे सगळ्यांच्या आधी कळलं. चौघांनाही थेंब लिहून दिले. म्हटलं, मोबाइल कमी बघा. एक आजोबा म्हणाले, माझ्याकडे मोबाइल नाही. म्हटलं, घरातल्यांचा कमी बघा.

नवीला विचारलं, तुझ्याकडेही पाणी येणारे आहेत का. म्हणाली, नाही. बारकाईने बघत नसेल. वय लहान आहे.

१२ नोव्हेंबर

शेजारचे निवृत्त मास्तर लिफ्टमध्ये होते. मी शिरलो, ते उतरले. म्हणाले, डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलेत. सातवा मजला! या वयात ही जिद्द. माझ्याकडे बघून लोकांना काहीतरी चांगलं करावंसं वाटतं, हे मी पूर्वीही पाहिलंय.

१४ नोव्हेंबर

आज घरी बोलणं झालं. कन्या नाश्ता बाल्कनीत करते. ही म्हणाली, अति तिथे माती. मी शांतपणे हिशेब मांडून दाखवला: ७.४० ला मारला, ८.२५ ला गेला. जे उरतच नाही ते अति कसं होईल? ही म्हणाली, तुम्हाला येत नसेल, आम्हाला येतो. हिचं नाक लग्नाआधीपासून तिखट आहे.

तरी मी प्रामाणिक माणूस. घडीपत्रिकेचं शेवटचं पान वाचायचं राहिलं होतं, ते वाचलं. लिहिलंय: काही वेळाने स्वतःचा वास स्वतःला येईनासा होतो, नाकाला सवय होते. इतरांना मात्र येत असतो. म्हणून पुन्हा पुन्हा मारू नये.

विचार केला. हे सर्वसाधारण नाकाबद्दल आहे. माझं नाक सवय लावून घेणाऱ्यांतलं नाही. सासुरवाडीची मला सोळा वर्षांत सवय झालेली नाही.

१६ नोव्हेंबर, दुपारी २.१०

धक्का. परवाचे माझे गिऱ्हाईक, बँकेतले जाडे गृहस्थ, आज नवीच्या खोलीत बसलेले दिसले. पडद्याखालून बूट ओळखले. तिच्याकडे नुसता पडदा आहे, दार नाही. कान दिला. ती हळू आवाजात विचारत होती, हे बरं की ते बरं?

म्हणजे माझी गिऱ्हाइकं पळवणं चाललंय. दिसायला गरीब गाय!

सायंकाळी ६.००

मुख्याध्यापिकाबाईही येऊन गेल्या म्हणे. तिच्याकडेच.

१७ नोव्हेंबर

अस्वस्थ. सकाळी पाच फवारे. पाचवा मनःशांतीसाठी.

मालकांकडे तक्रार केली. म्हटलं, मी बोलणारा माणूस नाही, पण माझ्या पानातलं कुणी उचलून न्यावं हे बरं नाही. मालकांनी ऐकून घेतलं. मधेच उठून खिडकी उघडली. म्हणाले, बघतो. मग म्हणाले, तुम्ही जरा ताज्या हवेत जाऊन या. मालक माझ्या तब्येतीची इतकी काळजी करतात. नवीला त्यांनी कधी ताज्या हवेत पाठवलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

कपाटातल्या उष्म्याने अर्क उडत असणार. थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा, पान तीन. फ्रिज थंड आहे आणि दार लावलं की अंधार. बाटली दुधाशेजारी ठेवली.

संध्याकाळी घरात वादळ. दूध सगळं ओतून दिलं म्हणे. कन्या म्हणाली, बाबा, चहाला तुमचा वास येतोय. मला यात कौतुक दिसलं. हिला दिसलं नाही. बाटली आता माझ्या शर्टांच्या कप्प्यात, मोज्यात गुंडाळून.

२० नोव्हेंबर

नवी स्वतःहून खोलीत आली. दारातच उभी. आधी चुळबुळ केली, मग म्हणाली, सर, तुमच्या खोलीला एक्झॉस्ट फॅन बसवून घेऊ या का? मी मालकांना सांगते.

डाव लगेच ओळखला. पंखा बसला की वास बाहेर, मग माझी आठवण कुणाला राहणार? म्हटलं, माझ्या खोलीची काळजी मी घेईन. ती म्हणाली, सर, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांना... म्हटलं, साथ आहे. ती गप्प झाली आणि गेली. बोलती बंद करणं मला जमतं.

२२ नोव्हेंबर

मोठी बातमी! मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं: २७ तारखेला ते स्वतःचे डोळे दोघांकडूनही तपासून घेणार. आधी माझ्याकडे, मग नवीकडे. ज्याच्या खोलीतून बाहेर येताना त्यांना समाधान वाटेल, शाखा त्याची.

नोकरीला लागल्यापासून या एका दिवसाची वाट बघत होतो. हे रोजनिशीत खरं लिहायला हरकत नाही. दुकानाच्या पाटीवर माझं नाव कधीच नव्हतं. शाखेच्या दारावर एक छोटी पट्टी असेल, 'मुख्य नेत्रतपासनीस' आणि खाली नाव. कन्येला एकदा तिथून न्यायचंय. काही सांगायचं नाही, नुसतं समोरून न्यायचं.

२४ नोव्हेंबर

निश्चय: २७ ला फक्त दोन फवारे. हिला वचन दिलं. ही म्हणाली, देवा, आठवण ठेव रे.

२५ नोव्हेंबर

निश्चयाचा फेरविचार. मालक येणार साडेअकराला. मी मारणार ७.४० ला. दोन फवारे ८.२० ला संपतात. म्हणजे मालकांपर्यंत पोचायला शून्य. वचन हे वेळेच्या गणितात बसलं पाहिजे.

मधला मार्ग: अंगावर दोनच. बाकी कपड्यांवर. कपडे म्हणजे अंग नव्हे. पान चारवर लिहिलंय, कापडावर दुप्पट टिकतो.

२६ नोव्हेंबर

पांढरा कोट घरी आणून फवारून ठेवला. रुमालावर तीन. कंगव्यावर दोन (केसांत चांगला टिकतो). गुडघ्यांच्या मागे एकेक उद्या सकाळी. तिथे नाडी लागते, आणि वास वर चढतो. छोट्या बाटलीत थोडा भरून घेतलाय, ऐनवेळी लागला तर. आज कशातही मन लागत नाही. तीन वेळा चहा केला आणि तिन्ही वेळा ओट्यावर विसरलो.

२७ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

दहा मिनिटं राहिली. मनगट हुंगलं. काही म्हणजे काहीच नाही! दगड हुंगावा तसं. छोटी बाटली काढली. नक्की किती ते मोजलं नाही, नजर घड्याळाकडे होती.

दुपारी १.००

झालं. आणि कसं झालं!

मालक आले, बसले, मी दार लावलं, दिवे घालवले. ट्रायल फ्रेम लावली. जवळ गेलो. मालकांच्या डोळ्यांत पाणी. चौदा वर्षांत या माणसाला मी कधी हळवं झालेलं पाहिलं नव्हतं. तोंडावर रुमाल धरला त्यांनी. बोलवेना. मलाही भरून आलं. म्हटलं, सर, असू द्या, मनात काय आहे ते कळतंय मला. त्यांनी हात हलवला.

मग काम. अक्षरं वाचायला सांगितली. वरची तीन वाचली, चौथ्या ओळीला अडखळले. सगळं धुरकट दिसतंय म्हणाले. मागच्या वर्षीचा नंबर मायनस दीड. मी भिंगं बदलत बदलत सव्वातीनपर्यंत गेलो, तरी धुरकटच. जबाबदार माणसाने जे करायचं ते केलं. हळूच सांगितलं, सर, मोतीबिंदूची सुरुवात दिसते, वेळेवर लक्षात आलं. ते उठून जवळजवळ धावतच बाहेर गेले. इतका मोठा आघात माणूस बसून सोसू शकत नाही.

नंतर म्हणे ते अर्धा तास फूटपाथवर उभे होते. मग नवीकडे गेले. तिने काय सांगितलं माहीत नाही. मोतीबिंदू ओळखायला अनुभव लागतो.

२८ नोव्हेंबर

मालक दुकानात नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेत. मी पाठवलं असंच म्हणावं लागेल. डोळे वाचवले माणसाचे. हिला सांगितलं. ही म्हणाली, त्या बंद खोलीत? म्हटलं, हो. ही म्हणाली, अहो... आणि स्वयंपाकघरात गेली.

३० नोव्हेंबर

डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू नाही. नंबर तोच, मायनस दीड. नवीचाही मायनस दीडच आला होता. डॉक्टरही माणूसच आहे. एखाद्याचा हातखंडा नसतो.

तरी जेवलो नाही.

१ डिसेंबर

नवी.

मालक वाईट बोलले नाहीत. म्हणाले, तुम्ही जुन्या दुकानाचे आधार आहात. म्हणाले, खिडकी फोडून घेऊ तुमच्या खोलीला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सगळ्यांत जोरात माझ्याच असाव्यात, शेजारचा फ्रेमवाला बघत होता.

२ डिसेंबर

अन्याय मुकाट्याने सोसणार नाही. ठरवलं: चौदा वर्षांत माझा एकही नंबर चुकलेला नाही, हे मालकांपुढे पुराव्यानिशी मांडायचं. नोव्हेंबरची तपासणीची सगळी कार्डं कपाटातून काढली. प्रत्येकावर खाली माझी सही असते.

दुपारी ३.४०

बँकेतल्या गृहस्थांचं कार्ड. माझा नंबर खोडलेला, बाजूला दुसरा. अक्षर नवीचं. सही माझीच ठेवलेली. मुख्याध्यापिकाबाई, तेच. मोबाइल नसलेले आजोबा, तेच. अकरा कार्डं मोजली. अकराच्या अकरा लोकांना चष्मा लागेना म्हणून ती परत तपासून देत होती. कुठेही तिचं नाव नाही. मालकांनी कपाट उघडलं असतं तर सगळे नंबर बरोबर निघाले असते आणि सगळे माझे.

मी तिला गरीब गाय म्हणालो होतो, तेही कुत्सितपणे. तिची तक्रार केली होती. लाज वाटली. कान गरम झाले.

कार्डं होती तशी परत ठेवली. ती पडद्याआड होती. तिथेच उभा राहून म्हटलं, मला सांगायचं होतंस. ती पडदा सारून म्हणाली, सांगायला आले होते सर, एक्झॉस्टचं. मग म्हणाली, पण तुम्ही रागावला होतात. तरी माझ्यापासून ती दोन पावलं मागेच सरकून बोलत होती. ते तिच्याही लक्षात आलं नसावं.

३ डिसेंबर

आज काहीही लावलं नाही. सहा गिऱ्हाइकं झाली. एकाच्याही डोळ्यांना पाणी नाही. साथ ओसरली असावी.

(हे वाक्य लिहून खोडणार होतो. राहू दे.)

७ डिसेंबर

पाच दिवस काही नाही. स्वतःला कोऱ्या कागदासारखं वाटतं. बसमध्ये शेजारची सीट आज भरलेली होती. कितीतरी दिवसांनी शेजारी कुणी बसलं.

९ डिसेंबर, सकाळी ७.४०

आज नव्या शाखेचं उद्घाटन. मी मनाने मोठा आहे, जाणार. अभिनंदन करणार, तोंडावर म्हणणार की तू माझी लाज राखलीस. वाक्य पाठ केलंय.

समारंभ आहे म्हणून एकच फवारा. एकच. दुसरा झाकण लावताना चुकून उडाला, तो मोजायचा नाही.

दुपारी १२.१५

दहा वाजता पोचलो. काचेचं दार, आत नवा रंग, दोन खोल्या, दोन्हींना खिडक्या. गर्दी बरीच. तपासणीही सुरू झाली होती. दारावर पाटी होती. पट्टी नव्हे, चांगली मोठी पाटी. 'तपासणीसाठी येताना कृपया परफ्यूम लावू नये. डोळ्यांना त्रास होतो आणि नंबर चुकू शकतो.' खाली तिचं नाव. मुख्य नेत्रतपासनीस.

मनगट हुंगलं. मला काही वास आला नाही. पण माझ्या नाकावर आता मी साक्ष देणार नाही. रस्ता ओलांडला आणि समोरच्या फूटपाथवर उभा राहिलो.

तिने मला काचेतून बघितलं. हातातलं टाकून बाहेर आली, रस्ता ओलांडून आली, हातात सरबताचा पेला. म्हणाली, सर, आत या ना. म्हटलं, नको, दुकान उघडायचंय. पाठ केलेलं वाक्य आठवेना. शेवटी म्हटलं, पाटीचं अक्षर जरा मोठं हवं होतं. ती म्हणाली, बदलून घेते. सरबत पिऊन पेला परत दिला. ती आत गेली, रांग तिची वाट बघत होती.

दुकानात आलो. माझी साडेअकराची अपॉइंटमेंट, तेच मोबाइल नसलेले आजोबा. आले नाहीत. त्यांच्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, बाबा आणि मी नव्या शाखेत रांगेत बसलोय. तिने फोन त्यांना दिला. आजोबा म्हणाले, अहो, तुम्हाला मघाशी काचेतून दोनदा हात केला, तुम्ही समोरच्या फूटपाथवर पाटी वाचत उभे होता.

म्हटलं, हो, पाटी वाचत होतो.